इटालियन क्रियापदांचे अक्षरविभाजन आणि आघातस्थान : रूढ नियमांची चिकित्सा

१

इटालियन भाषेत ‘कापितानो’ हा एकच वर्णक्रम तीन प्रकारे उच्चारला जातो आणि तिन्ही उच्चारांचे अर्थ भिन्न आहेत. पहिल्या अक्षरावर आघात पडला म्हणजे ‘प्रसंगवशात् येऊन ठेपतात’ या अर्थाचे, कापितारे या धातूचे तृतीयपुरुषी अनेकवचनी रूप होते. तिसऱ्या अक्षरावर पडला म्हणजे ‘कप्तान’ या अर्थाचे नाम होते. अन्त्य अक्षरावर पडला म्हणजे कापितानारे या धातूचे ‘त्याने नेतृत्व केले’ असे भूतकाळी रूप होते. तिन्ही ठिकाणी अक्षरविभाजन एकच, का-पि-ता-नो. यांपैकी केवळ तिसऱ्या रूपात इटालियन लेखन आघातचिन्ह देते. पहिली दोन रूपे कागदावर सर्वस्वी सारखी असून त्यांतील भेद वाचकाने आपल्या भाषाज्ञानातून पुरवावयाचा असतो.

हे उदाहरण व्याकरणग्रंथांतून वारंवार दिले जाते; परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र त्याच ग्रंथांत क्वचितच काढलेला आढळतो. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या बहुतेक पुस्तकांची रचना ठरलेली आहे. प्रथम अक्षरविभाजनाचे प्रकरण येते, त्यात शब्द कोठे तोडावा याचे नियम सांगितले जातात. त्यानंतर आघाताचे प्रकरण येते. त्यात असे सांगितलेले असते की, आघात सामान्यतः उपान्त्य अक्षरावर, काही वेळा त्याच्या मागील अक्षरावर, काही वेळा अन्त्य अक्षरावर आणि ‘अपवादाने’ शेवटून चौथ्या अक्षरावर पडतो. प्रकरणांच्या या क्रमातून वाचकाचा असा ग्रह होतो की, आधी अक्षरे मोजावी आणि मग आघाताची जागा ठरवावी. नामांच्या बाबतीत हा क्रम कसाबसा निभावतो. क्रियापदांच्या बाबतीत तो टिकत नाही. तो का टिकत नाही आणि त्याच्या जागी कोणता विचार अधिक युक्त ठरेल, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

येथे ‘अक्षर’ ही संज्ञा उच्चारातील अवयव या अर्थाने योजिली आहे, लिपीतील चिन्ह या अर्थाने नव्हे. अक्षरांच्या सीमा आडव्या रेघेने दाखविल्या असून आघातयुक्त अक्षरापूर्वी ˈ अशी खूण दिली आहे. स्वरान्त अक्षरास मुक्त व व्यंजनान्त अक्षरास बद्ध म्हटले आहे. इए आणि उओ हे संयुक्त स्वर एकाच अक्षराचे घटक समजावेत. नागरी लेखनातील ऱ्हस्व-दीर्घ भेदाचा इटालियन स्वरांच्या कालमानाशी संबंध जोडू नये.

२

अक्षरविभाजनाचे रूढ नियम थोडक्यात असे आहेत. दोन स्वरांमधील एकटे व्यंजन पुढील अक्षरात जाते : आ-मो, पार्-ला-रे. द्वित्त व्यंजन मधोमध तुटते : लेग्-गो. त्याच रीतीने नाक्-क्वे, पिआक्-क्वे ही भूतकाळी रूपेही तुटतात. र्, ल् किंवा अनुनासिक यांच्यामागून व्यंजन आल्यास सीमा त्या दोहोंमध्ये पडते : पार्-लो, तेन्-गो. स्पर्श व्यंजन आणि र् किंवा ल् यांचा संयोग मात्र अखंड राहून पुढील अक्षरात जातो. इथपर्यंत वादाला जागा नाही.

वाद सुरू होतो तो स् आणि त्यानंतरचे व्यंजन यांच्या संयोगापाशी. इटालियन लेखनाचा नियम हा संयोग अखंड मानून पुढील अक्षरात ढकलतो. त्यानुसार ‘वस्त्र घालतो’ या अर्थाचे वेस्ते हे रूप ओळीच्या शेवटी वे-स्ते असे तुटते आणि ‘मला समजते’ या अर्थाचे कापिस्को हे का-पि-स्को असे. ल्य, न्य आणि श हे ध्वनी दाखविणारे वर्णसमूहही लेखनात अभेद्य असल्यामुळे, ‘मला हवे आहे’ या अर्थाचे रूप लेखनात वो-ल्यो असे विभागले जाते. हे नियम मुद्रकाच्या सोयीचे आहेत आणि त्या क्षेत्रात त्यांच्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती हेच नियम उच्चाराचे नियम म्हणून पुढे करण्याविषयी.

भारतीय वाचकास ही गल्लत समजावयास कठीण जाऊ नये. नागरी लिपीत ‘सत्य’ हा शब्द स-त्य असा लिहिला जातो. जोडाक्षर पुढच्या चिन्हात सामावते. परंतु छंदःशास्त्र जोडाक्षरापूर्वीचे ऱ्हस्व अक्षर गुरू मानते, याचा अर्थ उच्चारात त्या अक्षरास पुढील व्यंजनाचा भार मिळतो हे ते मान्य करते. लिपीचे विभाजन एक आणि मात्रागणनेचे विभाजन दुसरे, हा विवेक आपल्या परंपरेने प्राचीन काळापासून पाळलेला आहे. इटालियन पाठ्यपुस्तकांत नेमका हाच विवेक सुटतो.

इटालियन भाषेतील विभाजनाची खरी सीमा कोठे आहे याची साक्ष क्रियापदेच देतात. लॅटिनमधील ऱ्हस्व ए आणि ओ हे स्वर आघातयुक्त व मुक्त अक्षरात असतील, तर तोस्कानाच्या बोलीत त्यांचे अनुक्रमे इए आणि उओ होतात. बद्ध अक्षरात होत नाहीत. गेरहार्ट रोल्फ्स यांच्या इटालियनच्या ऐतिहासिक व्याकरणात (मूळ जर्मन आवृत्ती १९४९ ते १९५४) या नियमाचे सविस्तर विवरण आहे. आता पुढील दोन रूपे शेजारी ठेवावीत. ‘बसतो’ या अर्थाचे ˈसिए-दे आणि ‘वस्त्र घालतो’ या अर्थाचे वेस्ते. दोहोंच्या धातूंत लॅटिनमध्ये ऱ्हस्व ए होता, दोहोंत आघात त्याच स्वरावर आहे. लेखनाच्या नियमाप्रमाणे दोन्ही ठिकाणी ते अक्षर मुक्त आहे. असे असता पहिल्यात इए झाला आणि दुसऱ्यात झाला नाही. याचे सरळ कारण असे की, दुसऱ्या शब्दात ते अक्षर मुक्त नव्हतेच. विभाजन ˈवेस्-ते असे होते, आणि स् ने ते अक्षर बद्ध केले होते.

ल्य या ध्वनीविषयीही असेच प्रमाण मिळते. ‘हवे असणे’ या क्रियापदाची रूपे पाहावीत : ˈवोल्-ल्यो (मला हवे), ˈवुओ-ले (त्याला हवे), वो-ˈले-ते (तुम्हांला हवे). दुसऱ्या रूपात अक्षर मुक्त आणि आघातयुक्त, म्हणून उओ. तिसऱ्यात अक्षर मुक्त, परंतु आघात पुढे गेलेला, म्हणून ओ. पहिल्यात आघात आहे आणि तरीही ओ तसाच आहे. कारण ल्य हा ध्वनी दोन स्वरांच्या मध्ये इटालियनमध्ये नेहमी दीर्घ असतो, त्याचा पूर्वार्ध मागील अक्षरास बद्ध करतो. लेखन त्याला वो-ल्यो असे तोडीत असले तरी भाषेचा इतिहास त्याला तसे तोडीत नाही. ‘धरणे’ आणि ‘येणे’ या अर्थांच्या धातूंत हीच त्रयी अधिक उघडपणे दिसते : ˈतेन्-गो, ˈतिए-नि, ते-ˈन्या-मो, ˈवेन्-गो, ˈविए-नि, वे-ˈन्या-मो. एका धातूच्या तीन रूपांत आघातयुक्त बद्ध, आघातयुक्त मुक्त आणि आघातहीन अशा तिन्ही अवस्था सापडतात, आणि स्वर प्रत्येक वेळी आपल्या अवस्थेप्रमाणे वागतो.

आघाताच्या जागेवरूनही स् विषयीचा हाच निष्कर्ष दृढ होतो. ‘साजरा करतो’ या अर्थाचे ˈचे-ले-ब्रो आणि ‘आत शिरतो’ या अर्थाचे ˈपे-ने-त्रो यांत उपान्त्य अक्षर ओलांडून आघात मागे जातो. म्हणजे ब्र, त्र हे संयोग मागील अक्षरास बद्ध करीत नाहीत. उलट कोन्-ˈत्रास्-तो (विरोध करतो), मा-नि-ˈफेस्-तो (प्रकट करतो), आक्-ˈक्विस्-तो (मिळवतो) यांत आघात उपान्त्यावरच राहतो. छंदःशास्त्राचा गुरुनियम संस्कृतात ब्र, त्र यांच्यापूर्वीही लागू होतो; इटालियनमध्ये तो तेथे लागू नाही, एवढा फरक मात्र लक्षात ठेविला पाहिजे. पुंलिंगी उपपदाची साक्षही याच बाजूची आहे. प्र, त्र यांनी आरंभ होणाऱ्या नामांपूर्वी ‘इल्’ येते, स् आणि व्यंजन यांच्या संयोगापूर्वी ‘लो’ येते. कारण ‘लो’चा स्वर त्या स् ला आपल्या अक्षरात सामावून घेऊ शकतो.

या मताविरुद्ध एक आक्षेप नोंदविणे न्याय्य होईल. पिएर मार्को बेर्तिनेत्तो यांनी १९९९ मध्ये स्-संयोगाच्या विभाजनावर स्वतंत्र लेख लिहून, आजच्या भाषकांच्या दृष्टीने ही सीमा कितपत निश्चित आहे असा प्रश्न उपस्थित केला. भाषक लेखनाच्या संस्काराखाली वाढलेले असतात, त्यामुळे विचारले असता ते डळमळीत उत्तरे देणार हे स्वाभाविक आहे. ऐतिहासिक प्रमाण सीमा निश्चित दाखविते, वर्तमान जाणीव ती काहीशी अनिश्चित दाखविते. ही दोन विधाने परस्परविरोधी नाहीत. परंतु लेखनाचा नियम हाच उच्चाराचा नियम होय, या समजुतीस दोहोंपैकी एकाचाही आधार मिळत नाही.

३

अक्षरविभाजन आधी आणि आघात नंतर, हा क्रम मुळातच उलटा असल्याचे सर्वांत ठळक प्रमाण इकारान्त धातूंत सापडते. स्तुदियारे (अभ्यास करणे) आणि इन्वियारे (पाठविणे) या दोन धातूंचे अंग लेखनात सारख्याच रीतीने इकारान्त आहे. प्रथमपुरुषी एकवचनी रूपांत मात्र पहिल्याचा ˈस्तु-द्यो होतो आणि दुसऱ्याचा इन्-ˈवि-ओ. पहिल्यात दोन अक्षरे, दुसऱ्यात तीन. इ हा स्वर स्वतंत्र अक्षर आहे की यकाराप्रमाणे पुढील स्वरात विरून जातो, हे वर्णक्रमावरून कळत नाही. त्यावर आघात आहे की नाही यावरून कळते. म्हणजे अक्षरांची संख्या सांगण्यासाठीच आघात आधी ठाऊक असावा लागतो.

द्वितीयपुरुषी एकवचनात हा भेद लेखनासही मान्य करावा लागला आहे. अभ्यास करणाऱ्यास ˈस्तु-दि असे एकाच इकाराने लिहितात, पाठविणाऱ्यास इन्-ˈवि-इ असे दोन इकारांनी. पहिल्यात अंगाचा आघातहीन इ प्रत्ययाच्या इ मध्ये लोपला, दुसऱ्यात तो आघातयुक्त असल्यामुळे टिकला. ज्या नियमाचे स्पष्टीकरण केवळ आघाताच्या आधारे होऊ शकते, तो नियम अनेक पुस्तकांत शुद्धलेखनाची एक सुटी टीप म्हणून दिलेला असतो. विद्यार्थी तो पाठ करतो आणि विसरतो.

आघात अक्षररचनेस कसा वळवितो याचे आणखी एक उदाहरण आज्ञार्थात आहे. ‘दे’, ‘सांग’ आणि ‘कर’ या अर्थांच्या एकाक्षरी आज्ञार्थांस सर्वनाम जोडले म्हणजे ˈदाम्-मि (मला दे), ˈदिम्-मि (मला सांग), ˈफाल्-लो (ते कर) अशी रूपे होतात. सर्वनामाचे व्यंजन द्वित्त होते. इटालियन भाषेत आघातयुक्त अक्षरास भार हवा असतो. शब्दाच्या मध्ये ते अक्षर मुक्त असेल तर स्वर लांबतो. शब्दान्तीचा आघातयुक्त स्वर आखूड राहतो, आणि त्याची उणीव पुढील व्यंजनाच्या द्वित्ताने भरून निघते. ‘त्याला’ या अर्थाचे ल्यि हे सर्वनाम जोडताना मात्र लेखनात द्वित्त दिसत नाही. कारण तो ध्वनी मुळातच दीर्घ आहे.

तेव्हा हिशेब असा मांडता येईल. अक्षराचा आघातावर परिणाम होतो तो एकाच ठिकाणी : उपान्त्य अक्षर बद्ध असल्यास आघात सहसा ते ओलांडून मागे जात नाही. आघाताचा अक्षररचनेवर परिणाम होतो तो तीन ठिकाणी : संयुक्त स्वरांच्या उत्पत्तीत, इकाराच्या स्वतंत्र अस्तित्वात आणि व्यंजनांच्या द्वित्तात. अशा स्थितीत अक्षरविभाजन हा पाया आणि आघात हा कळस, असे चित्र रंगविणे वस्तुस्थितीस सोडून आहे.

४

मग आघात ठरतो तरी कशाने? ‘अनुकरण करतो’ या अर्थाचे ˈइ-मि-तो आणि ‘निमंत्रण देतो’ या अर्थाचे इन्-ˈवि-तो या दोन रूपांत उपान्त्य अक्षर मुक्त आहे, स्वरही तोच आहे, अंत्य व्यंजनही तेच आहे. तरी आघात भिन्न. लॅटिनमध्ये याचे कारण उघड होते : पहिल्याचा मधला इकार ऱ्हस्व, दुसऱ्याचा दीर्घ, आणि आघात उपान्त्य गुरू अक्षरावर पडत असे. इटालियनने स्वरांचा अर्थभेदक ऱ्हस्वदीर्घपणा गमावला, परंतु आघाताची जागा राखली. कारण नष्ट झाले, कार्य उरले. ही जागा आता त्या त्या धातूच्या अंगाचा गुणधर्म झाली आहे. ती शिकावीच लागते.

परंतु ‘शिकावीच लागते’ याचा अर्थ प्रत्येक रूपाची जागा स्वतंत्रपणे पाठ करावी लागते, असा मुळीच नाही. इटालियन कोशांची पद्धत येथे बोलकी आहे. क्रियापदाच्या नोंदीत कोशकार प्रथमपुरुषी एकवचनाचे वर्तमानकाळी रूप आघातचिन्हासह देतात आणि थांबतात. मिल्योरिनी, ताल्याविनी आणि फियोरेल्ली यांचा १९६९ मधील शुद्धलेखन व उच्चार कोश असो, की लुचानो कानेपारी यांचा १९९९ मधील उच्चारकोश असो, अशा कोशांचे काम आघाताच्या बाबतीत अंगाची जागा एकदा नोंदविली की संपते; कारण बाकीची रूपे नियमाने निघतात. तो नियम अक्षरगणनेचा नसून रूपरचनेचा आहे.

वर्तमानकाळाच्या सहा रूपांपैकी चार रूपांत, म्हणजे एकवचनाच्या तिन्ही पुरुषांत आणि तृतीयपुरुषी अनेकवचनात, आघात धातूवर पडतो. प्रथम व द्वितीयपुरुषी अनेकवचनात तो धातूच्या पुढे सरकतो : ˈपार्-लो, ˈपार्-लि, ˈपार्-ला, पार्-ˈल्या-मो, पार्-ˈला-ते, पुन्हा ˈपार्-ला-नो. इतर काळांत व अर्थांत तो साधारणतः विकरणस्वरावर किंवा काळदर्शक प्रत्ययावर राहतो : पार्-ˈला-वा, पार्-ˈलास्-सि, पार्-ले-ˈरो.

चार आणि दोन अशी ही वाटणी केवळ आघातापुरती नाही, यातच तिचे खरे महत्त्व आहे. ‘संपविणे’ या धातूची रूपे अशी : फि-ˈनिस्-को, फि-ˈनिश्-शि, फि-ˈनिश्-शे, फि-ˈन्या-मो, फि-ˈनि-ते, फि-ˈनिस्-को-नो. येथे मध्ये येणारा इस्क् हा अंश निरर्थक आहे, असे सांगून व्याकरणे पुढे जातात. परंतु तो कोठे येतो हे पाहावे. ज्या चार रूपांत आघात धातूवर पडला असता, नेमक्या त्याच चार रूपांत तो येतो आणि आघात स्वतःवर घेतो. ‘जाणे’ या क्रियापदात तर दोन भिन्न मूळ धातूंनी हीच वाटणी करून घेतली आहे : ˈवा-दो, ˈवाइ, ˈवा, आन्-ˈद्या-मो, आन्-ˈदा-ते, ˈवान्-नो. ‘बाहेर पडणे’ या धातूत आद्य स्वर याच चार रूपांत ए आणि उरलेल्या दोन रूपांत उ असतो : ˈएस्-को, परंतु उश्-ˈशा-मो. रोमान्स भाषांचे अभ्यासक मार्टिन मेडन यांनी या आकृतिबंधाकडे विशेष लक्ष वेधून, तो ध्वनिनियमांपासून सुटून रूपव्यवस्थेचा स्वायत्त घटक बनला असल्याचे प्रतिपादन केले आहे. आघाताने आखलेल्या रेषेवर धातूंची अदलाबदल होते, अंश घातले जातात, स्वर पालटतात. ज्या आघाताचे कर्तृत्व एवढे मोठे आहे त्याला अक्षरमोजणीचे उपफल म्हणणे योग्य ठरणार नाही.

भूतकाळाच्या अनियमित रूपांतही हीच व्यवस्था दुसऱ्या वाटणीने दिसते. ‘घेणे’ या धातूची ˈप्रे-सि, ˈप्रे-से, ˈप्रे-से-रो ही तीन रूपे धातूवर आघात घेतात आणि त्यांचे अंग विकृत आहे. प्रेन्-ˈदेस्-ति, प्रेन्-ˈदेम्-मो, प्रेन्-ˈदेस्-ते या तीन रूपांत आघात पुढे गेला आणि अंग नियमित राहिले. ही तिन्ही-तिन्हीची वाटणी विद्यार्थ्यास ‘अपवाद’ म्हणून सांगितली जाते. आघाताच्या दृष्टीने पाहिल्यास तीत अपवाद उरत नाही.

संस्कृताशी परिचय असलेल्या वाचकास येथे ‘एति’ आणि ‘इमः’ यांचे स्मरण होईल. तेथेही स्वर धातूवर असता अंग सबल, प्रत्ययावर गेला असता दुर्बल. साम्य खरे आहे, पण त्यातील भेद अधिक शिकविणारा आहे. संस्कृतात तृतीयपुरुषी अनेकवचन ‘यन्ति’ दुर्बल रूपांत मोडते. इटालियनमध्ये त्याच पुरुषाचे अनेकवचन एकवचनांच्या गटात जाते. गट कोणता असावा हे ध्वनींच्या स्वभावावरून ठरत नाही, त्या त्या भाषेच्या इतिहासावरून ठरते. स्पॅनिशशी तुलना केल्यास हेच दिसेल. ‘आम्ही गात होतो’ या एकाच लॅटिन रूपापासून इटालियनमध्ये कान्-ता-ˈवा-मो आले आणि स्पॅनिशमध्ये कान्-ˈता-बा-मोस्. अक्षरसंख्या सारखी, उपान्त्य अक्षर दोन्हीकडे मुक्त. स्पॅनिशने त्या काळाच्या सहाही रूपांत आघात एकाच स्वरावर स्थिर केला. इटालियनने लॅटिनची सरकती जागा राखली.

५

उरतो तो ‘शेवटून चौथ्या अक्षरावरील अपवाद’. ˈआ-बि-ता-नो (राहतात), ते-ˈले-फो-ना-नो (दूरध्वनी करतात) ही त्याची नेहमीची उदाहरणे. परकीय विद्यार्थी उपान्त्याचा नियम पाठ करून पार्-ˈला-नो, आ-बि-ˈता-नो असे उच्चार करतो आणि इटालियन माणसास ते तत्काळ खटकतात. ‘पेर्दोनो’ या रूपात तर अर्थच बदलतो : ˈपेर्-दो-नो म्हणजे ‘ते गमावतात’, पेर्-ˈदो-नो म्हणजे ‘मी क्षमा करतो’.

या तथाकथित अपवादाचे मूळ प्रत्ययाच्या इतिहासात आहे. लॅटिनमध्ये हे रूप हाबितान्त् असे तीन अक्षरांचे होते आणि त्यातील आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर, म्हणजे लॅटिनच्या नियमात बसणारा होता. इटालियनने अन्त्य व्यंजने टाकली आणि ‘आहेत’ या अर्थाच्या सोनोच्या साम्याने शेवटी नो जोडला. आघात होता तेथेच राहिला. त्याच्या मागे एक अक्षर वाढले. म्हणून आजचा नियम असा सांगता येतो : तृतीयपुरुषी अनेकवचनाचा आघात त्याच काळाच्या तृतीयपुरुषी एकवचनाच्या जागी असतो. ˈआ-बि-ता, ˈआ-बि-ता-नो, पार्-ˈला-वा, पार्-ˈला-वा-नो, पार्-ˈलास्-से, पार्-ˈलास्-से-रो, पार्-ले-ˈरा, पार्-ले-ˈरान्-नो. शेवटच्या जोडीत आघातयुक्त स्वरानंतरचे द्वित्तही पूर्वी सांगितलेल्या प्रवृत्तीशी जुळणारे आहे. रूपे शेकडो, नियम एक, आणि त्यात अक्षरे मोजण्याचे कारणच पडत नाही.

सर्वनामे जोडली म्हणजे आघात आणखी मागे राहिलेला दिसतो. ˈरे-चि-ता-मे-लो (ते मला म्हणून दाखव) येथे तो शेवटून पाचवा आहे. आणि व्याकरणकारांचे आवडते ˈफाब्-ब्रि-का-मि-चे-लो (ते माझ्यासाठी तेथे बनव) येथे सहावा. ‘आघात शेवटच्या तीन अक्षरांतच असतो’ या विधानाची येथे पुरती वाट लागते, असे प्रथमदर्शनी वाटेल. वस्तुतः तसे नाही. ˈफाब्-ब्रि-का एवढ्या मूळ रूपापुरते पाहिले तर तीन अक्षरांची मर्यादा पूर्णपणे पाळली गेली आहे. प्रथमपुरुषी एकवचनात ते-ˈले-फो-नो होते, पहिल्या अक्षरावर आघात कधी जात नाही. मर्यादा तेथेही जागृत आहे. नियम खरा आहे, त्याचे क्षेत्र मात्र चुकीचे धरले गेले. तो संपूर्ण लिखित शब्दास लागू नसून नो, रो आणि अनुलग्न सर्वनामे वगळून उरलेल्या अंगास लागू आहे. मारिना नेस्पोर आणि इरेने फोगेल यांच्या १९८६ मधील ग्रंथापासून आघाताची क्षेत्रे रूपरचनेच्या संदर्भात निश्चित करण्याचा विचार सिद्धान्तात रुळला. मार्टिन क्रेमर यांच्या २००९ मधील इटालियन ध्वनिव्यवस्थेवरील ग्रंथातही शब्दाघाताचा प्रश्न सविस्तर हाताळला आहे. पाठ्यपुस्तके मात्र या विचारापासून दूरच राहिली.

६

येथवरच्या विवेचनास एक मर्यादा आहे. धातूच्या अंगात आघात नेमका कोठे पडतो हा भाग अद्याप स्मरणावर सोपविलेला आहे, आणि तेथे इटालियन भाषकही डगमगतात. ‘खुशामत करतो’ या अर्थाचा परंपरामान्य उच्चार आ-ˈदु-लो. बोलण्यात ˈआ-दु-लो वारंवार ऐकू येतो. ‘मूल्य ठरवितो’ या अर्थाचा शिष्ट उच्चार वा-ˈलु-तो. ˈवा-लु-तो हा कोशकार अशुद्ध मानतात, तरी तो नाहीसा होत नाही. डगमग कोणत्या दिशेने होते हे पाहण्यासारखे आहे. या दोन्ही ठिकाणी आघात उपान्त्यावरून मागे सरकतो. उपान्त्य हीच जर भाषेची स्वाभाविक जागा असती, तर भाषकांची चूक तिच्याकडे जाणारी असावयास हवी होती. ती तिच्यापासून दूर जाते. बहुअक्षरी धातूंत आघात मागे घेण्याची प्रवृत्ती क्रियापदांच्या अंगी असल्याचे हे चिन्ह होय.

उलट, संयुक्त स्वरांच्या बाबतीत समानीकरण बरेच पुढे गेले आहे. ‘आम्ही हलवितो’ या अर्थाचे जुने मो-ˈव्या-मो मागे पडून ˈमुओ-वो या एकवचनाच्या साम्याने आघातहीन अक्षरातही उओ राखणारे रूप प्रचलित झाले. ‘पोहणे’ या धातूत तर ‘टिपून ठेवणे’ या अर्थाच्या धातूशी घोटाळा होऊ नये म्हणून उओ सर्वत्र कायम राहतो. स्वर पालटले, परंतु चार आणि दोन ही आघाताची वाटणी जागची हलली नाही. आघाताने निर्माण केलेला स्वरभेद पुसला जातो, आघाताची व्यवस्था पुसली जात नाही. रूपव्यवस्थेतील तिचे स्थान किती खोल आहे याची यापेक्षा चांगली कसोटी सापडणे कठीण.

यावरून अध्यापनासंबंधी निघणारा निष्कर्ष साधा आहे. इटालियन क्रियापदाचा अभ्यास धातूच्या आघातयुक्त प्रथमपुरुषी रूपापासून सुरू व्हावा. त्यानंतर चार आणि दोन ही वाटणी शिकविली जावी. मग एकवचनावरून अनेकवचन आणि त्यावर सर्वनामे चढवावीत. उच्चारातील अक्षरविभाजन या सर्वांच्या शेवटी, आघाताचा परिणाम म्हणून समजावून द्यावे. ओळीच्या शेवटी शब्द कोठे तोडावा हे मुद्रणाच्या प्रकरणात सांगावे. त्याचा उच्चाराच्या प्रकरणात संचार नसावा. अक्षरे आधी मोजून आघात शोधू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती का-पि-ता-नो एवढेच लागते, आणि त्या चार अक्षरांत कप्तान कोणता व क्रियापद कोणते हे त्याला कधीच कळत नाही.